‘ही मुळात अशीच आहे’: बर्लिनहून आत्याला पत्र

पांको, बर्लिन
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. आत्यास,

साष्टांग नमस्कार वि. वि.

तुझे पत्र मिळून तीन आठवडे होत आले. उत्तराला उशीर झाला याबद्दल क्षमा कर, परंतु जे लिहायचे होते ते पुरते पाहून आणि वाचून झाल्याशिवाय लिहू नये असे वाटत होते. दिवाळीपूर्वी कपाट आवरताना तुला नाट्यस्पर्धेचा जुना कागद सापडला आणि त्यावर परीक्षकांनी लिहिलेला शेरा तू मला जसाच्या तसा उतरवून पाठवलास: ‘ही अभिनय करत नाही, ही मुळात अशीच आहे.’ त्या एका वाक्यामुळे तुझे पारितोषिक हुकले, हे घरात सर्वांना ठाऊक आहे. आता त्याचे काही वाटत नाही असे तू लिहिले आहेस. पण इतक्या वर्षांनंतरही ते वाक्य तू एका शब्दाचाही बदल न करता लिहिलेस, यावरून मला काय समजायचे ते समजले. योगायोग असा, की तुझे पत्र आले त्याच आठवड्यात मी अशा एका नटीचा चित्रपट पाहून आले होते, जिच्याविषयी जगाने शंभर वर्षे हेच गृहीत धरले. म्हणून हे पत्र तिच्याविषयी आहे. तिचे नाव ओसी ओस्वाल्डा.

येथे शहराच्या मध्यभागी बाबिलोन नावाचे १९२९ साली बांधलेले चित्रपटगृह आहे. मूकपटांच्या काळातला त्याचा ऑर्गन अजून शाबूत आहे आणि तेथे आजही तो वाजवून मूकपट दाखवतात. ऑर्गन म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांसमोर संगीत नाटकातला, पायाने भाता मारायचा ऑर्गन येईल. हा त्याहून फार मोठा, भिंतीआड नळ्या असलेला आणि घंटा, ढोल असे आवाजही काढणारा आहे. पडद्यावर ‘डी पुपे’ म्हणजे ‘बाहुली’ हा १९१९ सालचा चित्रपट होता. माझ्या शेजारी एक वृद्ध बाई आपल्या सातआठ वर्षांच्या नातीला घेऊन बसल्या होत्या. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या बाहुलीने कोणाचे लक्ष नाही असे पाहून ताटातला घास पळवला, तेव्हा ती मुलगी इतकी खळखळून हसली की वादकालाही ते ऐकू गेले असावे. मला त्याच क्षणी तुझी आठवण झाली. मागच्या रांगेत बसलेल्या मुलाला ज्या क्षणी हसू यावे असे तू ठरवतेस त्याच क्षणी ते येते, हे मी लहानपणी विंगेत उभी राहून कितीतरी वेळा पाहिले आहे.

ओसीचे खरे नाव ओस्वाल्डा श्टेग्लिख. तिचा जन्म १८९७ सालचा, नीडरश्योनहाउझेन या गावचा. आज हे गाव बर्लिनमध्येच मोडते आणि माझ्या घराजवळून जाणारी एम-एक क्रमांकाची ट्राम तेथपर्यंत जाते. तिच्या लहानपणी मात्र ते शहराबाहेरचे स्वतंत्र गाव होते, बर्लिनमध्ये ते सामील झाले १९२० साली. मागच्या रविवारी मी मुद्दाम ट्रामने शेवटच्या थांब्यापर्यंत गेले. तेथला राजवाडा, त्याची बाग आणि जुनी झाडे एवढेच तिने पाहिलेल्यांपैकी आता उरले असेल.

तिचे शिक्षण नृत्याचे. ती बॅले शिकली आणि बर्लिनच्या एका नाट्यगृहात समूहनर्तिका म्हणून उभी राहू लागली. समूहात नाचणाऱ्या मुलीला काय येते हे तुला सांगायला नको: आपली जागा एका वितीनेही न सोडणे, मापाबरहुकूम हलणे आणि पाठीला डोळे नसताना शेजारणीची हालचाल ओळखणे. हे सारे पुढे तिच्या उपयोगी पडले. पटकथाकार हान्स क्रेली यांनी तिला हेरले आणि दिग्दर्शक एर्न्स्ट लुबिच यांच्याकडे तिची शिफारस केली. लुबिच तेव्हा पंचविशीच्याही आतला, शिंपीकाम करणाऱ्या घरातला मुलगा होता. माक्स राइनहार्ट यांच्या नाटक कंपनीत किरकोळ भूमिका करता करता तो चित्रपटांत विनोदी कामे करू लागला होता आणि नुकताच दिग्दर्शनाकडे वळला होता. १९१६ च्या ‘शूपालास्ट पिंकुस’ या चित्रपटात तो स्वतः नायक आहे आणि ओसी एका छोट्या भूमिकेत आहे. त्यानंतर मात्र वर्षा-दीड वर्षातच पारडे फिरले: तो कॅमेऱ्यामागे गेला आणि ती पुढे आली.

हे सगळे महायुद्धाच्या ऐन धामधुमीत घडत होते. १९१६ पासून जर्मनीत परदेशी चित्रपट आणण्यावर बंदी होती, त्यामुळे फ्रान्सचे आणि अमेरिकेचे विनोदी नट येथल्या पडद्यावरून नाहीसे झाले आणि घरच्या कलावंतांना एकाएकी मोकळे रान मिळाले. १९१६-१७ च्या हिवाळ्यात बटाट्याचे पीक बुडाले, लोकांनी गुरांना घालायचे सलगम खाऊन दिवस काढले, आणि तो हिवाळा ‘सलगमांचा हिवाळा’ याच नावाने इतिहासात राहिला. अशा काळात बर्लिनच्या टेम्पलहोफ भागातल्या काचेच्या छताच्या स्टुडिओत वीस वर्षांची ही मुलगी लोकांना हसवण्याचे काम करत होती. ‘काम’ हा शब्द मी जाणून वापरते आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. लुबिचच्या बहुतेक चित्रपटांत तिच्या पात्राचे नाव ‘ओसी’च आहे. एका चित्रपटाचे तर शीर्षकच ‘ओसीची रोजनिशी’ असे होते. विनोदी नटाने आपलेच नाव पात्राला देण्याची ही पद्धत तेव्हा सर्रास होती. फ्रान्सचा माक्स लँदेर पडद्यावरही माक्सच असे. व्यवसायाच्या दृष्टीने ते सोयीचे होते, कारण प्रेक्षक पुढच्या वेळी ओसीला पाहायला म्हणून पुन्हा तिकीट काढत. परंतु त्याची किंमत नटीला मोजावी लागली. पडद्यावरची ओसी आदळआपट करते, हट्ट करते, हसता हसता लोळते, आणि तिचे नाव ओसी आहे. मग ती काही करत नाही, ती अशीच आहे, असे लोकांनी मानले. चित्रपटाच्या इतिहासाची जी पुस्तके मी गेल्या तीन आठवड्यांत येथल्या ग्रंथालयातून आणून वाचली, त्यांत लुबिचच्या चातुर्यावर पानेच्या पाने आहेत आणि ओसीविषयी ‘अवखळ’, ‘खट्याळ’, ‘उसळत्या चैतन्याची’ अशी विशेषणे आहेत. पाहा आत्या, त्याच्याबद्दल लिहिताना क्रियापदे वापरली आहेत आणि तिच्याबद्दल विशेषणे.

‘मला पुरुष व्हायचे नाही’ हा १९१८ सालचा पाऊण तासाचा चित्रपट घे. ओसी ही काकांच्या घरी राहणारी मुलगी आहे. ती पत्ते खेळते, सिगारेट ओढते, तिला वळण लावू पाहणाऱ्या बाईंना दाद देत नाही. काका परदेशी जातात आणि डॉक्टर केर्स्टेन नावाचे कडक पालक येतात. कंटाळून ती पुरुषाचा वेश करून रात्री नाचाच्या समारंभाला जायचे ठरवते. शिंप्याच्या दुकानात तिची मापे घेण्यासाठी कारागिरांची झुंबड उडते. आरशापुढे तिला गळ्याची टाय बांधता येत नाही. बाहेर पडल्यावर समजते, की पुरुषाला भुयारी रेल्वेत कोणी जागा देत नाही. उलट बायकांसाठी उठून उभे राहावे लागते. समारंभात टोपी-कोट ठेवायच्या गर्दीत ती चेंगरली जाते. तेथे तिला तेच पालक भेटतात. ते तिला ओळखत नाहीत, दोघांची दोस्ती होते, दोघे भरपूर पितात आणि परतीच्या गाडीत एकमेकांची चुंबने घेतात. १९१८ साली हे दाखवण्याचे धारिष्ट्य पाहून आजही लोक चकित होतात आणि त्यावर पुष्कळ लिहितात. माझे लक्ष मात्र तिच्या खांद्यांकडे होते.

कारण तिने पुरुषाचा वेश घातला आहे, तरी ती पुरुषाची हुबेहूब नक्कल करत नाही. पुरुषाचे सोंग घेतलेली आणि ते सोंग पुरते न जमलेली मुलगी ती करते आहे. हे दुप्पट कठीण आहे. छाती पुढे काढून दमदारपणे चार पावले टाकायची, पाचव्या पावलाला ताठ कॉलर टोचली की मान आखडायची आणि लगेच कोणी पाहिले तर नाही ना म्हणून खांदे पुन्हा सरळ करायचे, हा क्रम ती इतक्या सहजपणे करते की तो बसवलेला आहे हे लक्षातही येत नाही. तुला येथे बालगंधर्व आठवतील. त्याच सुमारास आपल्याकडे पुरुष शालू नेसून रंगभूमीवर उभे होते, आणि १९१७ च्या ‘लंकादहन’ या मूकपटात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका एकट्याने केल्या होत्या. बालगंधर्वांना पाहून ‘ते मुळात तसेच आहेत’ असे कोणी म्हटले नाही. ती साधना आहे, कष्ट आहेत, हे सर्वांना मान्य होते. बाईने हसवले की मात्र तो तिचा स्वभाव ठरतो.

दुसरा चित्रपट ‘डी आउस्टर्नप्रिन्त्सेसिन’, म्हणजे ‘कालवांची राजकन्या’, जून १९१९ मधला. आपल्या कोकणात खडकांवरून फोडून काढतात तेच कालव. येथे ते श्रीमंतांचे खाणे. नायिकेचा बाप हा अमेरिकेतला कालवांचा सम्राट, आणि त्याच्या मागे सिगार धरायला एक, कप धरायला दुसरा असे नोकर उभे. बूटपॉलिशच्या सम्राटाच्या मुलीने सरदाराशी लग्न केले ही बातमी वाचून ओसी खवळते आणि खोलीतले सारे फोडून टाकते. बाप येतो तेव्हा ती वर्तमानपत्रे भिरकावते आहे. वर्तमानपत्रे का फेकतेस, असे तो विचारतो. फुलदाण्या संपल्या, असे ती उत्तर देते. मग तो तिला राजपुत्र विकत घेऊन द्यायचे कबूल करतो. राजपुत्र नुकी कफल्लक आहे. मुलगी पाहायला तो आपला सोबती योसेफ याला पाठवतो, आणि वाट पाहायला दम नसलेली ओसी त्यालाच राजपुत्र समजून लग्नाला ओढत नेते.

हा चित्रपट पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. युद्ध संपले असले तरी दोस्त राष्ट्रांची नाकेबंदी १९१९ च्या जुलैपर्यंत उठली नव्हती आणि बर्लिनमध्ये लोणी, दूध, मांस यांची वानवा होती. अशा लोकांसमोर पडद्यावर नोकरांच्या पलटणी पंगतीला वाढत आहेत, नायिकेला न्हाऊ घालायला दासींचा ताफा आहे, आणि मध्येच फॉक्सट्रॉट नाचाची साथ यावी तसे पाहुण्यांपासून स्वयंपाकघरातल्या माणसांपर्यंत सारे घर नाचू लागते. त्याच वर्षी जानेवारीत जर्मनीतल्या बायकांनी पहिल्यांदा मतदान केले होते. मागेल ते मिळवणारी, नवरा स्वतः निवडणारी, आवडलेल्या पुरुषासाठी मैत्रिणींशी चक्क मुष्टियुद्ध खेळून ते जिंकणारी नायिका त्या प्रेक्षकांतल्या बायकांनी कशी पाहिली असेल, याचा मी पुष्कळ विचार करते. मुष्टियुद्धाचा प्रसंग असा: मद्यपानाविरुद्ध लढणाऱ्या कोट्यधीशांच्या मुलींची एक संस्था आहे, तिच्यापुढे दारू प्यालेला देखणा नुकी येतो, आणि त्याला सुधारण्याचा मान कोणाला मिळावा यावरून सगळ्यांची जुंपते. ओसी जिंकते. नुकीच्या नावाने तिचे लग्न आधीच लागलेले असल्याने शेवटी सगळे जुळून येते.

याच चित्रपटात तिला बाळ सांभाळण्याचे शिक्षण देण्याचा एक छोटा प्रसंग आहे. बाहुली देऊन शिकवले जाते आणि ओसी त्या बाहुलीला उलटी धरून बसते. त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर खोडकरपणाचा मागमूस नाही. ती मनापासून, एकाग्र होऊन, चुकीचे करते. विनोदी नटाने आपण विनोद करतो आहोत हे स्वतःला कळू देऊ नये, असे तू शाळेच्या गॅदरिंगच्या तालमीत आम्हाला दटावून सांगत असस, तेच येथे आहे.

आणि आता ‘बाहुली’. याविषयी सविस्तर लिहिते, कारण तू हा चित्रपट पाहावास अशी माझी फार इच्छा आहे. सुरुवातीला लुबिच स्वतः पडद्यावर येतो, खेळण्यांच्या पेटीतून कागदाचे घर, झाडे, रस्ता काढून मांडतो, आणि ते चिमुकले दृश्य मोठे होऊन कथा सुरू होते. सारे जग कागदाचे आणि पुठ्ठ्याचे. गाडीला जुंपलेले घोडे म्हणजे घोड्याची झूल पांघरलेली माणसे. म्हाताऱ्या जहागिरदाराला आपला वंश चालावा म्हणून पुतण्या लान्सेलोटचे लग्न लावायचे आहे आणि पुतण्या बायकांना घाबरतो. चाळीस कुमारिका त्याच्या मागे लागतात, तो मठात जाऊन लपतो. तेथले खादाड साधू त्याला मिळणाऱ्या तीन लाख फ्रँकांकडे पाहून सुचवतात, की बाईऐवजी बाहुलीशी लग्न कर. हिलारिउस नावाचा बाहुल्या बनवणारा कारागीर असतो. त्याने स्वतःच्या मुलीसारखी, म्हणजे ओसीसारखी, हुबेहूब बाहुली केलेली असते. कारागिराचा उमेदवार पोरगा त्या बाहुलीबरोबर नाचताना तिचा हात मोडतो, आणि मार चुकवण्यासाठी खरी ओसी बाहुलीच्या जागी उभी राहते. लान्सेलोट तिलाच घेऊन जातो.

येथून पुढे ओसीने जे केले आहे ते मी तीनदा पाहिले. एकदा चित्रपटगृहात आणि दोनदा घरी, थांबवत थांबवत. तिला एकाच वेळी तीन जणी व्हायचे आहे: कळ दाबली की हलणारी बाहुली, बाहुलीचे सोंग करणारी मुलगी, आणि भूक लागलेली, गंमत वाटणारी, घाबरणारी मुलगी. बाहुलीची हालचाल तुकड्यातुकड्यांची आहे. हात आधी उचलला जातो, क्षणभर थांबतो, मग मनगट वळते, मग मान. लग्नाच्या पंगतीत लान्सेलोट दुसरीकडे पाहतो तेवढ्यात ती घास पळवते, आणि तो वळला की हात हवेत तसाच गोठतो. तो तिला खोलीत आणून वस्तू ठेवावी तशी उभी करतो आणि ती चुपचाप उभी राहते, फक्त डोळे फिरतात. तोल जाऊन ती ताठच्या ताठ कलते तेव्हा गुडघा वाकत नाही, पाठ वाकत नाही. नर्तकीच्या शरीराची तालीम तेथे दिसते. शेवटी ती जिवंत बाई आहे यावर लान्सेलोटचा विश्वास बसत नाही, तेव्हा उंदीर दिसताच ती किंचाळून उडी मारते आणि त्याची खात्री पटते.

तुला ठाऊक आहे, त्या काळात कॅमेरा हाताने दांडी फिरवून चालवत. फिरवणाऱ्याच्या हाताची गती आणि चित्रपटगृहातल्या यंत्राची गती सारखी असेलच असे नसे. आवाज नाही, संवाद फक्त पाटीवर. म्हणजे नटाला आपली मात्रा स्वतःच्या शरीरात मोजावी लागे, आणि ती इतकी ठसठशीत ठेवावी लागे की गती थोडी मागेपुढे झाली तरी विनोदाचा क्षण चुकू नये. मी दुसऱ्यांदा पाहताना टेबलावर बोटाने ताल धरला. घास उचलण्याआधी ती एक मात्रा थांबते, उचलताना घाई करते आणि गोठण्याच्या क्षणी बरोबर समेवर येते. प्रत्येक वेळी. आत्या, हे आपोआप होत नाही. ज्याला हे आपोआप झाल्यासारखे वाटले, त्याने कधी रंगमंचावर भांडे सांडून पाहिलेले नाही.

अमेरिकेतल्या मूकपटांची लाडकी नटी मेरी पिकफर्ड, तिच्यावरून ओसीला ‘जर्मनीची मेरी पिकफर्ड’ म्हणत. जाहिरातीसाठी ते बरे असेल, पण मला ते पटत नाही. मेरी पिकफर्डच्या कुरळ्या बटांमागे प्रेक्षकांची माया मागणारे एक पोरके मूल असते. ओसी कोणाची दया मागत नाही. ती हवे ते घेते, आणि घेताना तिला जो आनंद होतो त्यात आपल्याला सामील करून घेते. तिची तुलना कोणाशी करायचीच असेल तर ती स्वतंत्रपणे व्हायला हवी होती. पण नाव उसने मिळाले आणि तेच चिकटले.

१९१९ नंतर लुबिच मोठ्या ऐतिहासिक चित्रपटांकडे वळला. त्याच वर्षी त्याने पोला नेग्री या नटीला घेऊन ‘मादाम द्युबारी’ केला होता, आणि १९२२ च्या अखेरीस तो अमेरिकेला गेला. त्याला बोलावणारी, नियतीचा खेळ पाहा, स्वतः मेरी पिकफर्ड होती. ओसी येथेच राहिली. हंगेरीच्या एका जहागिरदाराशी, गुस्टाव फॉन कोत्सियान याच्याशी तिने लग्न केले आणि १९२१ मध्ये पतीसह स्वतःच्या नावाची चित्रपटसंस्था काढली. एका नटीने स्वतःची संस्था काढण्याचे धैर्य दाखवले ते नेमके अशा वेळी, जेव्हा चलन घसरायला लागले होते. १९२३ मध्ये तर येथे पावाची किंमत अब्जावधी मार्कांत सांगत. संस्था फार काळ टिकली नाही, आणि १९२५ च्या सुमारास लग्नही मोडले.

त्याच वर्षी ती ऊफा या बड्या कंपनीत दाखल झाली आणि विनोदी चित्रपटांची मालिका सुरू झाली. ‘नीनिश’ या चित्रपटाचे दिग्दर्शन विक्टर यान्सन याचे होते, ‘कालवांची राजकन्या’ आणि ‘बाहुली’ या दोन्हींत तिच्या बापाची भूमिका त्यानेच केली होती. विली फ्रिच हा तरुण नट तिच्यासमोर नायक म्हणून दोनतीन चित्रपटांत उभा राहिला. बोलपट आल्यावर तो लिलियन हार्वी या नटीच्या जोडीने देशाचा लाडका नायक झाला. ओसीला मात्र बोलपटांत दोनच भूमिका मिळाल्या, एक १९३० मध्ये आणि दुसरी १९३३ मध्ये. तिशी ओलांडलेल्या बाईने अवखळ मुलगी करू नये असे निर्मात्यांना वाटले असावे, आणि त्यांच्या मते तिला दुसरे काही येत नव्हते. ती ‘तशीच’ होती ना. मला राग येतो तो येथे. अभिनय येणाऱ्या बाईला म्हातारपणाच्या भूमिका देता येतात. स्वभाव मात्र वयाबरोबर संपला असे म्हणून बाजूला ठेवता येतो.

१९३३ या सालाचा आपल्याशीही संबंध आहे. प्रभातचा ‘सैरंध्री’ रंगीत करण्यासाठी शांतारामबापू जर्मनीत आले ते त्याच वर्षी. तू कोल्हापूरच्या जुन्या स्टुडिओच्या गोष्टी सांगताना हे सांगितले होतेस. ज्या वर्षी आपली माणसे मोठ्या आशेने येथल्या प्रयोगशाळांचे दार ठोठावत होती, त्याच वर्षी ओसीचा शेवटचा चित्रपट लागला, आणि त्याच वर्षी सत्तेवर आलेल्या नाझींमुळे या उद्योगातले किती तरी ज्यू लेखक, दिग्दर्शक, नट देश सोडून निघाले. हान्स क्रेली आणि लुबिच आधीच अमेरिकेत होते. ज्या मंडळींनी तिचा विनोद लिहिला, बसवला, त्यांतले फारसे कोणी बर्लिनमध्ये उरले नाही.

काही काळ तिने रंगमंचावर संगीतिकांत कामे केली आणि मग ती प्रागला राहायला गेली. तेथे युद्धाच्या काळात, १९४३ साली आलेल्या एका चेक विनोदी चित्रपटाच्या कथेशी तिचे नाव जोडलेले आहे. चित्रपटाच्या नावाचा अर्थ ‘पंक्तीतला चौदावा’ असा होतो. हे वाचले तेव्हा मला किती बरे वाटले म्हणून सांगू. पडद्यावर जागा उरली नाही तेव्हाही ती विनोदच रचत होती, आता कागदावर. नुसत्या स्वभावाने बाईला कथा रचता येत नाही.

१९४७ साली प्रागमध्ये ती गेली. वय पन्नास, आणि हाती पैसा उरला नव्हता. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात लुबिच हॉलिवूडमध्ये वारला; त्या वर्षी मार्चमध्ये त्याला अमेरिकेच्या चित्रपट अकादमीने विशेष सन्मान दिला होता. मृत्यूच्या चार महिने आधी लिहिलेल्या एका पत्रात त्याने आपल्या कामाचा आढावा घेतला आहे आणि ‘कालवांची राजकन्या’ हा निश्चित शैली दाखवणारा आपला पहिला विनोदी चित्रपट असे म्हटले आहे. त्याचे म्हणणे खोटे नाही. तो थोर दिग्दर्शक होता, यात मला तिळमात्र शंका नाही. फक्त त्या शैलीला हात, पाय, मान आणि खांदे कोणाचे होते, एवढे मला शेजारी लिहिलेले हवे आहे.

तिचे बरेच चित्रपट आज पाहायला मिळत नाहीत. मी वर लिहिलेले तीन मात्र जपले गेले आहेत. विसबाडेन शहरातल्या, जुने जर्मन चित्रपट जपणाऱ्या मुर्नाऊ प्रतिष्ठानाच्या संग्रहामुळे ते स्वच्छ स्वरूपात उपलब्ध झाले. त्यांची तबकडी मी विकत घेतली आहे. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी येते आहे, तेव्हा ती घेऊन येईन. पाट्या जर्मनमध्ये आहेत, त्या मी तुला वाचून दाखवीन, म्हणजे फार अडणार नाही.

एक विनंती आहे. पंगतीच्या प्रसंगात ती दुसऱ्यांदा घास उचलते तेव्हा मला वाटते ती एका मात्रेऐवजी दोन मात्रा थांबते, कारण प्रेक्षकाला पहिला घास माहीत झालेला असतो आणि आता त्याला ताटकळत ठेवायचे असते. माझे बरोबर आहे की नाही ते मला समजत नाही. तू पाहून सांग. आणि तू ‘मोलकरीण’ करताना दुधाचे पातेले लपवायचीस तेव्हा किती मात्रा थांबत असस, हेही आठवून ठेव; मला ते लिहून घ्यायचे आहे.

काकांना नमस्कार. त्यांच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली की कळव. चि. राधाला गोड पापा. घरातल्या सर्व वडील मंडळींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. तो स्पर्धेचा जुना कागद फाडून टाकीन असे तू लिहिले आहेस. तसे करू नकोस, मी येईपर्यंत जपून ठेव.

तुझी,
मेघना